बोटीवर २६ मेंढ्या, १० शेळ्या. कप्तानाचं वय किती?

खडूधूळ

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी सांगोल्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला शिकवते. 'सर्जनशील विचार, चिकित्सक विचार' हे शब्द प्रशिक्षणात इतक्यांदा ऐकलेत की स्लाइड यायच्या आधीच कळतं, आता डोक्यातून बल्ब निघालेलं चित्र येणार. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहेतच. पण सोमवारी अकरा वाजता, परिपाठ आणि हजेरी उरकल्यावर, वर्गात नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आधी एक गंमत. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या संशोधन संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिकच्या मुलांना एक प्रश्न घातला होता. 'एका बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचं वय किती?' ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेले आकडे वापरून काहीतरी वय काढून दाखवलं. (असल्याच धर्तीचं कोडं फ्लोबेर या फ्रेंच लेखकानं १८४१ मध्ये बहिणीला पत्रातून घातलं होतं म्हणे. म्हणजे शाळेतल्या गणिताची टिंगल तेव्हाही चालायची.)

मी बोट काढून टाकली आणि कळप घातला. आमच्याकडे समुद्र कुणी पाहिलेला नाही, मेंढ्या मात्र दारात. 'कळपात २६ मेंढ्या आणि १० शेळ्या, तर मेंढपाळाचं वय किती?' बहुतेक पाट्यांवर ३६. एका मुलीनं ३६ आणि १६ अशी दोन्ही उत्तरं काढली आणि १६ खोडलं. का, तर "सोळाचा लई ल्हान हुतोय, मॅडम, त्याच्या हवाली एवढी जित्राबं कोन करंल?"

आता या पोरीला विचार करता येत नाही असं कोण म्हणेल?

ज्याच्या घरी खरोखर मेंढ्या आहेत अशा एका मुलाला मधल्या सुट्टीत हाच प्रश्न तोंडी विचारला. तो हसायलाच लागला. "वय कसं कळंल त्यावरनं?" मग पाटीवर ३६ का लिहिलंस? "शाळंतलं गनित हाय म्हनून बेरीज केली."

मला इथेच सगळी मेख दिसते. पोरांच्या डोक्यात विचार चालूच असतो. तो शाळेत वापरायचा असतो हे त्यांच्या कानावर पडलेलं नाही, आणि त्यात आमचा वाटा मोठा आहे. प्रत्येक उदाहरणाला उत्तर असतंच, दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, 'एकूण' दिसलं की बेरीज आणि 'उरले' दिसलं की वजाबाकी, हे आम्हीच पढवतो. गी ब्रूसो या फ्रेंच अभ्यासकानं याला शिक्षक-विद्यार्थ्यांमधला अलिखित करार म्हटलंय. पोरं करार इमानदारीनं पाळतात.

तर, हा करार मोडायला तुम्ही काय करता? पालक असाल तर घरी काय दिसतं? 'मुलांना मोकळं सोडा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. पोषण आहार, ऑनलाइन माहित्या आणि दोन इयत्तांचा अभ्यासक्रम सांभाळून जमेल असं काहीतरी सांगा.

निंबोणी

रुमाल टाकून ठेवतेय. पाचवीतल्या लेकाला आत्ताच विचारलं. म्हणाला, "छत्तीस. पण हे शिष्यवृत्तीला आहे का?"

टवाळ_टोणगा

उत्तर ३६च आहे. गाईडमध्ये तसंच दिलंय. धागा बंद करा.

शंकासुर

जरा काडी टाकतो.

मुळात 'चिकित्सक विचार' नावाचं कौशल्य वेगळं काढून शिकवता येतं हेच मला पटत नाही. डॅनियल विलिंगहॅम या मानसशास्त्रज्ञानं २००७ मध्ये यावर एक चांगला लेख लिहिला होता. विचार करण्याची क्षमता त्या त्या विषयाच्या ज्ञानाला चिकटलेली असते, अशी त्याची मांडणी. बुद्धिबळाच्या पटावर दहा चाली पुढचं बघणारा माणूस भाजी घेताना फसतोच. ज्याला पेशींबद्दल काही माहीत नाही त्याला पेशींबद्दल चिकित्सक विचार करायला सांगून काय मिळणार? फक्त बडबड.

सतरा साते एकशे एकोणीस हे ज्याच्या जिभेवर नाही त्याला उत्तर अवाच्या सवा आलंय हे ओळखता येणार नाही. पाढे, पाठांतर, शुद्धलेखन यांची टिंगल करून 'क्रिएटिव्ह' करायला निघालेल्या शाळा मी पुण्यात जवळून पाहिल्यात. भरमसाट फी, भिंतींवर रंगीत कागद, आणि सहावीतल्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज येत नाही. त्यापेक्षा आमचे छडीवाले मास्तर बरे होते, असं म्हणावंसं वाटतं. (छडी वगळून.)

खडूधूळ, तुमचा अनुभव मस्तच आहे. पण त्यावरून 'पाढे सोडा आणि विचार शिकवा' असा निष्कर्ष निघत नाही.

खडूधूळ

शंकासुर, तसा निष्कर्ष मी काढलेलाच नाही हो. पाढे माझ्या वर्गात रोज होतात, तेही तालासुरात.

पण ज्ञान असलं की विचार आपसूक येतो असंही नाही ना. मेंढपाळाच्या पोराला मेंढ्यांचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त. ते त्यानं वर्गाबाहेर ठेवलं, चपलांसारखं. आणि हे लहानांचंच होतं असंही नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचंय, बस किती लागतील? भागाकार जवळजवळ ७० टक्के मुलांना बरोबर आला. बरोबर उत्तर, म्हणजे ३२ बस, फक्त २३ टक्क्यांचं. बऱ्याच जणांनी '३१, बाकी १२' असं लिहून पेन खाली ठेवलं. भागाकाराचं ज्ञान होतं की त्यांना!

आबा_गुरुजी

खडूताई, धागा आवडला. मी निवृत्त मुख्याध्यापक, रावेरकडचा. आमच्या शिवेला लागून मध्य प्रदेश, त्यामुळे तिकडच्या शाळांच्या बातम्या कानावर यायच्या. तरुणपणी एकदा मुद्दाम होशंगाबादला जाऊन आलो. इथल्या नव्या मंडळींना कदाचित माहीत नसेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवायची पद्धतच बदलली. सहावी ते आठवी. किशोर भारतीचे अनिल सदगोपाल आणि त्यांचे सोबती, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ, आणि आपल्यासारखे खेड्यातले मास्तर. १९७८ पासून जिल्हाभर. पुढे १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था उभी राहिली आणि तिनं काम हाती घेतलं.

पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. त्यात व्याख्या शोधून सापडायच्या नाहीत. प्रयोग करा, दिसलं ते लिहा, आणि मग प्रश्न. चार-चार मुलांची टोळी. एकच टेबल सगळ्यांनी मोजायचं आणि प्रत्येकाचं उत्तर फळ्यावर मांडायचं. उत्तरं वेगवेगळी यायची. मग वाद: कुणाचं खरं? पट्टीचा शून्य कुठून धरला? मापात थोडाफार फरक पडतोच, हे पोरांना त्या वादातून कळायचं. आमच्याकडे विज्ञानाच्या तासाला फळ्यावर आकृती आणि खाली 'अनुमान' आधीच लिहिलेलं असायचं. प्रयोग व्हायचाच नाही, अनुमान मात्र पाठ.

आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून त्रिकोण, चौकोन, घरं बनवायचा खेळ आज सगळीकडे दिसतो. तो अरविंद गुप्तांना तिथेच सुचला. पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन ते १९७८ मध्ये गेले होते.

मला सगळ्यात भारी वाटली ती परीक्षा. पुस्तक आणि वही उघडून बसायला परवानगी, शिवाय प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा. म्हणजे पाठांतराला भावच नाही. शंकासुर, तुमचा ज्ञानाचा मुद्दा मला मान्य आहे, पण ज्ञान खिशात ठेवून परीक्षेला बसता येतं हे त्यांनी दाखवलं.

आणि सवालीराम! मुलांनी मनातला कुठलाही प्रश्न त्याला पत्रानं विचारायचा, उत्तर पत्रानं यायचं.

हजाराच्या घरात शाळा झाल्या होत्या. २००२ मध्ये राज्य सरकारनं हा सगळा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम.

केंद्राबाहेर

आबा, साष्टांग नमस्कार. मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करणारा. जिल्हा सांगत नाही.

खडूताईंनी विचारलं ते आपल्याकडे होऊन गेलंय असंही म्हणता येईल. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे अशा काही केंद्रांचा मिळून भाग) आठवतंय ना? प्रतिभा भराडे मॅडम आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलानं स्वतः करून शिकायचं, हे जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत करून दाखवलं. चिंचोके, काड्या, खडे, बाटल्यांची झाकणं, आणि मुलं खाली बसून स्वतः मांडतायत. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे निघाल्या. आमचीही गेली.

परत आल्यावर काय झालं ते सांगतो. त्यांच्या वर्गात जमिनीवर रंगवलेले तक्ते, चौकटी होत्या. आमच्या केंद्रात महिन्याभरात सगळ्या फरशा रंगल्या. ऑइलपेंट, पेंटर बाहेरचा, लोकवर्गणीतून. आणि मग रंग खराब होतो म्हणून मुलांना कडेने चालायला सांगितलं! कुमठ्याला फरशी पोरांच्या वापराची होती. आमच्याकडे ती भेट द्यायला येणाऱ्या साहेबांसाठी झाली. तक्त्यात 'फरशी रंगवली: होय' असा रकाना भरला जातो. 'मूल स्वतः प्रश्न विचारतं' याला रकाना कसा करणार? म्हणून जे मोजता येतं तेवढंच खाली झिरपतं. माझ्यासारखे लोकच ते झिरपवतात, हेही खरं.

मोगरा_ठाणे

पालकाच्या बाजूने लिहिते. मुलगी सहावीत, इंग्रजी माध्यम.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीला असते हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनं सुरू केलेली, कल्पना फार सुंदर: लेखी, मग प्रात्यक्षिक, मग कृतिसंशोधनाचा प्रकल्प आणि मुलाखत. मुलानं आसपासचा एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर काम करायचं. आता आमच्या सोसायटीच्या गेटवर तिच्या क्लासचा फ्लेक्स आहे. विषय क्लासवाले सुचवतात. मुलाखतीत 'हा विषय का निवडलास' याचं उत्तरही तयार करून घेतात. मुलं बिचारी इतकी छान बोलतात की ऐकत राहावं.

शाळेच्या प्रकल्पांबद्दल तर बोलायलाच नको. ज्वालामुखी, सौरमाला, पावसाचं पाणी साठवणारं घर, सगळं स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतं. वर नाव लिहायला पांढरी पट्टी सोडलेली असते.

मी काय करते? एक वर्ष हट्टानं प्रकल्प मुलीलाच करू दिला. पुठ्ठ्याचा, वाकडा, डिंक ओघळलेला. गुण कमी मिळाले. पुढच्या वर्षी तिनंच सांगितलं, आई दुकानातून आणू. यावर मला उत्तर नाही.

टवाळ_टोणगा

मोगराताई, मग पांढऱ्या पट्टीवर नाव तरी तिनं स्वतः लिहिलं का? तेवढंच स्वयंअध्ययन.

शाई_आणि_शेरा

मी दहावीला मराठी शिकवते आणि बोर्डाचे पेपरही तपासते, म्हणून माझ्या भागातलं सांगते.

प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका आली ती नेमकी याचसाठी. 'पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा' ऐवजी आकलनाच्या कृती, आकृतिबंध, आणि 'स्वमत'. म्हणजे पाठ वाचून तुला काय वाटतं ते लिही. पहिल्या वर्षी मी खुश होते. मग बाजारात पुस्तकं आली. आता स्वमतही पाठ करून येतात! एका गठ्ठ्यात पंधरा-वीस मुलांचं 'माझे मत' अक्षरशः एकच, स्वल्पविरामासकट. एकानं तर 'मला एक मुलगी म्हणून असे वाटते की' असं लिहिलं होतं. मुलगा होता.

यात मुलांना नावं ठेवू नका. तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं, वेळ कमी असतो, आणि वेगळं मत लिहिणाऱ्या मुलाचा गुण जाण्याची भीती खरी आहे. मी स्वतः वेगळ्या उत्तराला पूर्ण गुण देते. पण मुलाला तपासणारी मी भेटेन की दुसरं कुणी, हे त्याला कुठे माहीत?

वर्गात मात्र मी एक गोष्ट करते आणि तिचा उपयोग होतो. स्वमताचा प्रश्न आला की आधी स्वतःच्या विरुद्ध मत लिहायला लावते. 'शहरापेक्षा खेड्यातलं जगणं बरं' असं वाटत असेल तर खेडं सोडून गेलेल्या माणसाच्या बाजूनं चार ओळी लिहा. त्या चार ओळी कुठल्याच पुस्तकात तयार नसतात. मग मुलं घरात विचारतात, काका पुण्याला का गेला, आत्या परत का येत नाही. त्यातून जे येतं ते वाचायला मजा येते. शुद्धलेखन दिव्य असतं, पण ते माझं काम आहे, करते मी.

चाळीस मिनिटांत होतं. दर आठवड्याला नाही, महिन्यातून एकदा.

निंबोणी

शाईताई, हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

सिंगापुरी_पिठलं

इकडे सिंगापुरात दोन मुलं सरकारी शाळेत आहेत, म्हणून थोडं अवांतर. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये सर्जनशील विचाराची वेगळी परीक्षा होती. ६० पैकी ४१ गुणांच्या सरासरीनं सिंगापूर पहिलं. विकसित देशांच्या गटाची सरासरी ३३. (भारत त्यात नव्हता. २००९ च्या फेरीत फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते, निकाल तळाशी लागला.)

तुम्ही म्हणाल, पाठांतरवाला देश, घोकंपट्टीवाला देश, हा पहिला कसा? १९९७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी 'विचार करणाऱ्या शाळा' ही मोहीम जाहीर केली. त्यापाठोपाठ अभ्यासक्रमातला मजकूर कापला, काही विषयांत तीस टक्क्यांपर्यंत. माझ्या मते हे कापणंच महत्त्वाचं ठरलं. आपल्याकडे नवीन काही आणायचं म्हणजे जुन्याच्या डोक्यावर ठेवायचं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर इकडे सगळं आलबेल आहे असं वाटेल. सहावीच्या अखेरीस राष्ट्रीय परीक्षा असते, तिच्यावरून पुढची शाळा ठरते. २०२१ पासून एकेक गुणाची शर्यत कमी करायला श्रेणीचे पट्टे आणले, तरी शिकवण्या जोरात आहेत. 'सर्जनशील लेखना'च्या शिकवण्याही आहेत. माझी धाकटी जाते. बायकोशी वाद घालून हरलो.

शंकासुर यांच्या बाजूनं एक: इथल्या मुलांचं गणित आणि वाचन आधीच पक्कं होतं. रिकाम्या डोक्यातून हे ४१ गुण आलेले नाहीत.

शंकासुर

तेच तर म्हणतोय केव्हापासून!

बरं, आबांच्या प्रतिसादानं माझा विरोध थोडा मवाळ झालाय. टेबल मोजण्याचा प्रकार मला आवडला, कारण त्यात विषय आहे. 'चला मुलांनो, आता क्रिएटिव्ह व्हा' असं त्यात कुठे नाही. माझा राग त्या वेगळ्या तासावर आहे. वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा 'थिंकिंग स्किल्स' आणि उरलेल्या तासांना डोकं बंद.

कशावरून

इतका वेळ वाचत होतो. एक अडचणीचा विषय काढतो, कारण कुणीतरी काढायला हवा.

मी डॉ. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात बरीच वर्षं आहे. शाळाशाळांतून वैज्ञानिक जाणिवांची शिबिरं घेतली. राज्यघटनेच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, १९७६ पासून. कागदावर सगळे बाजूनं. पण मूल खरंच चिकित्सक झालं की ते पहिला प्रश्न घरातच विचारतं. मांजर आडवं गेल्यावर आजी का थांबली? अंगात येतं तेव्हा नेमकं काय होतं? दुसऱ्या दिवशी वडील शाळेत. आणि शिक्षक एकटा. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

म्हणून मी शिक्षकांना सांगतो, सुरुवात घरच्या श्रद्धेपासून करू नका. ज्यात कुणाचं मन दुखावत नाही असा माल भरपूर आहे. 'युनेस्कोनं जन गण मन जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं' हा मेसेज अजून फिरतो. तो खोटा आहे. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत म्हणून एक रंगीबेरंगी चित्र दरवर्षी येतं. ते दिवाळीचं नाहीच, अनेक वर्षांतल्या रात्रीच्या दिव्यांची वाढ वेगवेगळ्या रंगांत दाखवलेला तो नकाशा आहे. सातवीच्या वर्गात ते चित्र लावतो आणि एवढंच विचारतो: खरं असेल तर आणखी काय काय खरं असायला हवं? एका शाळेत एक मुलगी म्हणाली, दिवाळी असती तर सगळीकडे एकाच रंगाचा उजेड दिसला असता, निळा दिवा एका राज्यात आणि लाल दुसऱ्यात कशाला? इंटरनेट न लावता निकाल लागला.

ही सवय लागली की घरचे प्रश्न मुलं त्यांच्या वेळेनं विचारतात. आपण घाई करायची नाही.

आबा_गुरुजी

अनुमोदन. मात्र घाई करायची नाही म्हणता म्हणता आयुष्यभर मांजर आणि मेसेजवरच थांबलेले शिक्षकही मी पाहिलेत.

कशावरून

आबा, टोला मान्य.

खडूधूळ

किती छान चर्चा झाली! माझ्या वर्गात सध्या काय चाललंय ते लिहिते, म्हणजे देवाणघेवाण होईल.

पहिलं म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं रेकॉर्ड करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात, नाहीतर दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात, मुलं एकमेकांना उत्तर देतात, गप्प बसणारी बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय, असं वाटतं ना? उद्या थांबून बघा. जीव वर येतो. मागच्या बाकावरचा आपल्याकडे बघतोय, आपण त्याच्याकडे, आणि शेजारच्या वर्गातून पाढ्यांचा आवाज. मी आता पदराआड बोटं मोजते. याला साहित्य नाही, निधी नाही, प्रशिक्षण नाही, आणि माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फरक यानंच पडला.

दुसरं, सायकल. वर्गातली निम्मी पोरं सायकल चालवतात, सगळ्यांच्या घरी आहे. 'न बघता सायकल काढा.' बऱ्याच चित्रांत चेन पुढच्या चाकाला जोडलेली! लिव्हरपूलच्या रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये मोठ्या माणसांवर हाच प्रयोग केला होता, तीही अशीच चुकली. मग मी कुणाचं बरोबर ते सांगितलं नाही. म्हटलं, चेन पुढच्या चाकाला असेल तर हँडल वळवल्यावर काय होईल? कुणी म्हणालं तुटंल, कुणी म्हणालं सैल पडंल. शेवटी सगळे बाहेर, माझ्याच सायकलीभोवती. शंकासुर, यात ज्ञान आहे की विचार, तुम्हीच ठरवा. मला सुटं करता आलं नाही.

तिसरं, गणितं मुलांनीच घालायची. रविवारच्या बाजारावर. अट एकच, त्यात एक आकडा असा हवा की जो लागतच नाही. पहिल्यांदा कुणालाच जमेना. आता इतके पटाईत झालेत की 'कांदा ३० रुपये किलो, पिशवीला भोक एक, बाजाराला गेली माणसं तीन' असं काय काय घालतात. उत्तर देणारा ओरडतो, "भोक कशाला पायजे रं?" मला तेच ऐकायचं होतं.

आणि काल बसचं गणित दिलं. सैनिक काढले, आमची सहल घातली. मुलं १३०, एका बसमध्ये ४२ बसतात, बस किती? काहींनी '३, बाकी ४' लिहिलं, नेहमीप्रमाणे. काहींनी ४. एकीनं लिहिलं, '३ बस. चार पोरं डायवरच्या मागं दाटीवाटीनं.' आणि एकानं, '३ बस आणि १ वडाप. चौघांसाठी बस केली तर डिझेल कोन देनार.' (वडाप म्हणजे आमच्याकडची माणसं भरून नेणारी खासगी जीप.)

आता सांगा, या शेवटच्या दोघांना गुण किती देऊ? मी गंभीरपणे विचारतेय.

शंकासुर

दोघांना पूर्ण. पण भागाकार करून दाखवायला लावा, तो वहीत नसेल तर अर्धे.

शाई_आणि_शेरा

वडापवाल्याला पूर्ण गुण आणि वर एक शेरा. दाटीवाटीवालीला विचारा, ४२ म्हणजे बसायच्या जागा की पासिंग? तिचं उत्तर ऐकून ठरवा.

टवाळ_टोणगा

एसटीत ४२ म्हणजे ७० असतात. दोन बसमध्ये १३० जण आरामात. माझं उत्तर २. गुण द्या.

केंद्राबाहेर

गुणतक्त्यात यासाठी जागा नाही, पण आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात ती जागा यासाठीच ठेवलीय. दुर्दैवानं तिथेही सगळे व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तयार नोंदीच उतरवतात. 'गणितीय क्रिया अचूक करतो', 'दैनंदिन व्यवहारात गणिताचा उपयोग करतो'. अख्ख्या केंद्रात तीच दोन वाक्यं, मी सह्या करतो.

तुम्ही त्या मुलाचं उत्तर जसंच्या तसं लिहा. डिझेलसकट. कुणी विचारलंच तर माझ्याकडे पाठवा.

खडूधूळ

लिहिलं, सर. दाटीवाटीवालीलाही विचारलं. म्हणाली, "बेचाळीस लिहिलेलं असतंय मॅडम, बसत्यात जास्तच. पर मागनं पोलीस आला तर चौथी बस सांगा."

दोघांनाही पूर्ण गुण दिलेत. शंकासुर, भागाकार वहीत आहे, तपासला.

निंबोणी

माझ्या लेकाचं उत्तर ४ आलं. मग त्यानं विचारलं, शिक्षक कुठे बसणार? १३० मध्ये ते धरलेच नाहीत.

खडूधूळ

अगंबाई! हे माझ्या वर्गात कुणालाच सुचलं नाही. उद्या विचारते.